बरोबर गेलेल्या माणसाची सकाळ

१८७८ साली कोल्हापुरात टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींनी इथल्या अमेरिकन मिशनच्या पाद्रीसाहेबांना एक पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचं आहे, इथे ते जमत नाही, तेव्हा अमेरिकेत तिच्या शिक्षणाची सोय होईल का आणि मलाही तिथे काही काम मिळेल का, असा त्याचा मतलब. बायको तेव्हा तेरा वर्षांची. कोल्हापूर मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर तोवर मायदेशी परतले होते. पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलं, त्यांनी ते आपल्या नियतकालिकात छापलं आणि उत्तरात सुचवलं की आधी ख्रिस्ती व्हा. प्रकरण तिथेच मिटायचं. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना तो जुना अंक त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र घातलं.

त्या मुलीची, म्हणजे आनंदीबाईंची, पुढची कहाणी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण मुळात हा बेत नवरा-बायकोनं मिळून जाण्याचा होता, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. नोकरी, पैसा आणि रजा यांचा मेळ काही बसला नाही. शेवटी ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्याच जहाजावर चढल्या. गोपाळराव मागे राहिले.

मग आनंदीबाईंनी त्या देशात आपली जागा करायला घेतली. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत आणि त्या घरानंही मावशीपण निभावलं. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून लुगडं गुजराती पद्धतीनं नेसायचं ठरवलं. आहार शाकाहारीच ठेवला. काय सोडायचं, काय बदलायचं आणि काय मुळीच बदलायचं नाही, याचा निवाडा ही एवढीशी मुलगी रोज स्वतःच करत होती. नवऱ्याचं मत यायचं ते बोटीनं, कित्येक आठवड्यांनी. त्यात पुष्कळदा बोल लावलेले असत. ती पत्रं वाचून जीव कळवळतो आणि मला गोपाळरावांची बाजू घ्यावीशी वाटत नाही.

पुढे गोपाळराव अमेरिकेत पोहोचले. गावोगाव व्याख्यानं देत त्या देशावर आणि तिथल्या धर्मावर त्यांनी कडाडून टीका केली. ज्यांनी त्यांच्या बायकोला आसरा दिला, त्यांनाही ते ऐकून अवघड झालं. याला कुणी हेकटपणा म्हणतं आणि तो होताच. तरी मला त्यात आणखी एक दिसतं. तोवर आनंदीबाईंकडे कॉलेज होतं, मैत्रिणी होत्या, मावशी होती, रोज सकाळी उठून जायला ठिकाण होतं. सारा बेत ज्यांनी आखला, त्या गोपाळरावांना त्या देशात ठरलेलं काम नव्हतं. तिथे त्यांची ओळख एवढीच की डॉक्टर होऊ घातलेल्या बाईचा नवरा.

परदेशी गेलेल्या जोडप्यांत आजही एक जण काम घेऊन जातो आणि दुसरा त्याच्याबरोबर जातो. सामान एकाच विमानातून गेलं, तरी दोघांचं रुजणं एका चालीनं होत नाही. पहिल्याला ऑफिस सांभाळून घेतं. दुसऱ्याला सगळं मुळापासून उभं करावं लागतं आणि त्याची कुठे गणती होत नाही. आज बहुतेकदा हा दुसरा माणूस म्हणजे बायको असते.

आता सकाळचे सात वाजलेत. इथे कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला माणसं उभी असतील आणि तिकडे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेत. राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरीतल्या कितीतरी घरांत ही फोनची वेळ. जावयाला विचारतात, ‘काम कसं चाललंय?’ मुलीला विचारतात, ‘जेवायला काय केलंस?’ दोन्ही प्रश्न मायेचेच, पण त्यांतला फरक मुलीला बोचतो. इथे असताना तीही कामाला जात होती.

माझी भाची तिकडे गेली तेव्हा इथल्या शाळेतली विज्ञानाची नोकरी सोडून गेली. अमेरिकेत नवऱ्याचा एच-वन व्हिसा असला की बायकोला एच-फोर मिळतो. २०१५ पासून एच-फोरवाल्यांपैकी काहींना नोकरीची परवानगी मिळू लागली, पण त्यासाठी जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत जावी लागते. नव्यानं गेलेल्या जोडप्याला तो टप्पा सहसा लांबच असतो. तोवर डिग्री पेटीत.

पहिल्याच आठवड्यात तिनं पिठल्यासाठी फोडणी टाकली. लसूण तडतडला, त्यात इथून नेलेली घरची चटणी पडली आणि छतावरचा स्मोक अलार्म ओरडायला लागला. खिडकी उघडली तर बर्फाळ वारा आत. एका हातानं गॅस बंद करत, खुर्चीवर चढून ती टॉवेलनं वारा घालत राहिली. नवरा मीटिंगमध्ये, फोन उचलेना. अलार्म थांबल्यावर तिनं मला फोन लावला. रडत नव्हती, पण आवाज खाली गेला होता. “आत्या, घरात सगळं हाय गं. पण मी सकाळी उठून जाऊ कुठं? तो गेला की मी नुसता खिडकीत बसतोय.”

यावर मी समजुतीचं फार बोलले नाही. सवय होईल, असं आपण पटकन म्हणून टाकतो. सवय खिडकीत बसण्याचीही होते आणि तीच मला नको होती. जावयाला मात्र मी वेगळा फोन केला. सांगितलं, शनिवार-रविवार बघण्यासारखी ठिकाणं दाखवत हिंडू नका, तिला गाडी शिकवा. बँकेच्या खात्यावर दोघांचं नाव घाला. ऑफिसातल्या माणसांशी तिची ओळख करून देताना ती शिक्षिका आहे, हे आधी सांगा. त्यानं ऐकलं. मनाचा चांगला आहे, फक्त हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीचं लायसन हातात आल्यावर ती पहिल्यांदा गेली ती गावच्या सार्वजनिक वाचनालयात. तिथे लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला माणसं हवी होती. मग तिथल्या मराठी मंडळाची शाळा सापडली. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं. अमेरिकेतल्या अशा मराठी शाळांना त्याचा आधार आहे. रविवारी सकाळी ती मुलांना बाराखडी शिकवू लागली. पगार नाही, पण पाठ काढायचे, वह्या तपासायच्या, पालकांचे फोन घ्यायचे. विचारलं की सांगायला काहीतरी असतं.

१८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि आमच्या कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाचं काम देऊ केलं. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. त्यांनी होकार दिला. दोघं मिळून परत आले, पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. ज्या गावातून दोघांच्या जाण्याचं पत्र निघालं, त्याच गावात दोघांचं बिऱ्हाड पुन्हा थाटायचं होतं, ते राहिलंच. सीपीआरजवळच्या दसरा चौकातून जाताना ही गोष्ट मला दर वेळी लागते.

येत्या महिन्यात आमच्या गल्लीतली आणखी एक जोडी निघाली आहे, जर्मनीला. या खेपेला नोकरी मुलीची आहे आणि नवरा बरोबर जातोय. घरात चटणीचे डबे भरणं चाललंय. जेवायला बोलावलं आहे, तेव्हा त्या मुलाला मी जवळ बसवून घेणार आहे. जर्मनचा क्लास लावला का, तिकडे गेल्यावर सोमवारी सकाळी ती कामाला गेली की तू काय करणार, हे त्याला आत्ताच विचारायचं आहे.