आरोग्याची रोजकीर्द

आरोग्य सांभाळण्याचें अ‍ॅप मोबाईलवर हौसेनें घेणारे पुष्कळ. तें वर्षानुवर्षें चालविणारे थोडे. हे थोडे कां टिकतात असें विचारलें, कीं ‘निश्चयी म्हणून’ असें उत्तर सहज मिळतें. मला तें पुरेसें वाटत नाहीं.

इटलींतील सांतोरिओ या वैद्यानें आपलें अन्न, मलमूत्र व स्वतःचा देह तराजूवर तोलण्याचा क्रम सुमारें तीस वर्षें चालविला आणि त्यावरील ग्रंथ १६१४ सालीं प्रसिद्ध केला. पोटांत गेलेला भार व बाहेर पडलेला भार जुळेना. उरलेला जातो कोठें, या कोड्यानें त्याला तराजूशीं बांधून ठेविलें. आज एखाद्या मधुमेह्यास भाताच्या एका मुदीनें साखर किती चढते हें नोंदीवरून उमगतें, तेव्हां त्याचें टिकणेंही याच जातीचें असतें. तो कांहीं विचारतो आणि वही उत्तर देते.

दुसरें टिकणें निराळें. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ सालीं, जपानांत पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस आलें. ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा त्याच्या नांवाचाच अर्थ होता. जाहिरातींतला तो सुटसुटीत आंकडा पुढें जगभर नियम होऊन बसला. अमेरिकेंतील वृद्ध स्त्रियांसंबंधीं २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, साडेसात हजारांच्या सुमारास अधिक चालण्याचा लाभ वाढेनासा होतो, असें दिसलें. तरीहि रात्रीं साडेअकरा वाजतां खोलींतल्या खोलींत येरझारा घालून राहिलेलीं तीनशें पावलें पुरीं करणारे गृहस्थ वाचकांनीं पाहिलेच असतील! त्या घटकेस त्यांना सलग दिवसांची साखळी तुटूं द्यावयाची नसते, इतकेंच. अ‍ॅप रचणारांनीं ही मनाची खोड ओळखून ती गणती पडद्यावर ठळक मांडली आहे.

व्रत मोडण्याचें भय आपल्या परिचयाचें आहे. परंतु सोळा सोमवारांचें व्रतदेखील सतराव्या सोमवारीं उद्यापनानें संपतें. अ‍ॅपाच्या व्रतास उद्यापन ठेविलेलें नाहीं. सोडून जाणारा शिकून गेला कीं कंटाळून, हा भेद कंपनीच्या हिशेबांत नसतो. तेथें दोघेहि गमावलेलीं गिऱ्हाइकें.

मधुमेह्याची गोष्ट वेगळी. त्याच्या दुखण्यासच उद्यापन नाहीं, मग नोंदीस तें कोठून असावें? पण ज्याचे पाय आतां पहाटे आपोआप चपलांकडे वळतात, त्यानें अ‍ॅप काढून टाकतांना अपराध्यासारखी मान कां खालीं घालावी, हें मला कळत नाहीं.