जगलेल्याचा हिशेब

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघाने माणूस मारला की पुढचे दोन दिवस चर्चा एकाच गोष्टीची होते : रक्कम किती वाढवायची. 15 लाखांचे 20 झाले, 2023 मध्ये 20 चे 25 झाले. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या, त्यानंतरही गाडी पुन्हा त्याच रुळावर. कुणी आणखी मोठा आकडा मागतो, कुणी वारसाला नोकरी मागतो. मागण्या गैर नाहीत. पण या सगळ्या गलक्यात 25 लाख देणाऱ्या त्याच शासन निर्णयातल्या खालच्या ओळी कुणी मोठ्याने वाचत नाही. मृत्यूला 25 लाख. कायमचे अपंगत्व आले तर साडेसात लाख. गंभीर जखमेला 5 लाख. किरकोळ जखमेला उपचाराचा खर्च, तोही 50 हजारांच्या आत.

म्हणजे वाघाच्या तावडीतून वाचून जो खाटेला खिळला, त्याचे नुकसान मेलेल्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी धरले आहे. हे कोणत्या हिशेबाने, असे कुणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

पैशाने का माणूस परत येतो, असा उसासा टाकणाऱ्यांना दवाखान्याचे बिल दाखवावे आणि पुढे जावे. रक्कम वाढवली तर लोक मुद्दाम जंगलात मरायला जातील, हा आक्षेप तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही. मला वाद घालायचा आहे तो तिसऱ्या पक्षाशी, कारण तो समंजस आहे, आणि समंजस असल्यामुळेच तो सगळ्यांना पटतो. हा पक्ष म्हणतो, नुकसानाचे बारीक मोजमाप करूच नका. मोजमाप आले की कोर्ट आले, वकील आला, तारखा आल्या. मोटार अपघाताच्या क्लेममध्ये पगारदाराच्या घरी भरघोस रक्कम जाते आणि रोजंदारीवाल्याच्या हाती चिंचोके येतात, कारण एकाकडे पगारपत्रक असते, दुसऱ्याकडे नसते. त्यापेक्षा ठरीव रक्कम बरी. सगळे सारखे, आणि पैसे लवकर.

यातला मृत्यूपुरता भाग मी बऱ्याच अंशी मान्य करतो. रेल्वेने 2017 पासून मृत्यूची रक्कम 8 लाख ठरवली. गाडीतून पडून प्रवासी गेला तर रेल्वेची चूक शोधत बसावे लागत नाही, ही सोय लहान नाही. पण ठरीव रकमेलाही दार असते आणि ते कुणासाठी उघडते हे आधीच ठरलेले असते, हे आपल्या बल्लारपूरने पाहिले आहे. 27 नोव्हेंबर 2022 रोजी तिथल्या बल्हारशाह स्थानकात पादचारी पुलाचा भाग कोसळला आणि पुलावरची माणसे खाली रुळांवर आदळली. एक महिला दगावली, डझनभर जखमी झाले. रेल्वे कायद्याच्या कलम 123 मधली ‘अनुचित घटने’ची व्याख्या काढून वाचा. तीत दहशतवादी कृत्य आहे, दरोडा आहे, दंगल आहे, गाडीतून पडणे आहे. पायाखालचा पूल पडणे तीत शब्दशः कुठे बसते ते दाखवा! गंभीर जखमींना 1 लाख, इतरांना 50 हजार अशी सानुग्रह मदत तेव्हा जाहीर झाली. ज्याचा कणा मोडला आणि ज्याचा पाय मोडून महिन्या-दोन महिन्यांत सांधला, ते दोघेही ‘गंभीर’ या एकाच रांगेत.

ठरीव रकमेचा पक्ष जखमेच्या बाबतीत इथेच कोसळतो. मृत्यू सगळ्यांना सारखा येतो, असे एकवेळ म्हणता येईल. जखम मात्र प्रत्येकाच्या शरीराला, वयाला आणि धंद्याला वेगळी लागते. सारख्या रकमेला समता म्हणायचे तर आधी नुकसान सारखे हवे. ते नसताना सारखी रक्कम वाटली, तर ज्याचे जास्त गेले त्याच्या ताटातले काढून ज्याचे कमी गेले त्याला वाढल्यासारखे होते. आणि ज्याचे जास्त गेले तो बहुधा अंगमेहनतीवर जगणाराच असतो. गरिबाच्या नावाने मांडलेली ही समता शेवटी गरिबालाच महाग पडते.

इंग्रजांच्या काळातल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याला हे कळत होते. नंतरच्या दुरुस्त्यांनी त्यात मृत्यूला मजुरीच्या 50 टक्के गुणिले वयानुसारचा गुणक ठरला. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 60 टक्के गुणिले तोच गुणक. कोळशाच्या खाणीतला चाळीस वर्षांचा मजूर घ्या. 2020 पासून त्या कायद्यात मोजली जाणारी कमाल मजुरी 15 हजार होती आणि त्याच्या वयाचा गुणक 184.17. मृत्यू झाला तर 13,81,275 रुपये, जगून पूर्ण निकामी झाला तर 16,57,530. जगलेल्याला जास्त, कारण उघड आहे : तो मिळवत नाही, पण जेवतो, औषध घेतो, आणि त्याला उठवायला-बसवायला घरातले आणखी एक माणूस कामावरून सुटते. त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच प्रमाण ठेवले. खाणीच्या फाटकाआत जगलेला मेलेल्यापेक्षा महाग, आणि फाटकाबाहेरच्या जंगलात मेलेला जगलेल्याच्या तिपटीहून महाग. जिल्हा एकच.

पण 1923 च्या कायद्याचीही मी आरती ओवाळणार नाही. त्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर लावलेले होते. अंगठा गेला, 30 टक्के. तर्जनी गेली, 14. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत सागाच्या लठ्ठ्याला टेप लावून घेर आणि लांबी घेतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की डेपोत लठ्ठ्याची गाठ आणि पोकळीही पाहतात. प्रश्न किती शरीर गेले हा नाहीच. कोणते काम गेले, हा आहे. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा खटला आला. डावा हात कोपराच्या वरून तुटलेला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचे नुकसान पूर्ण, म्हणजे शंभर टक्के धरले. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हाच धागा नीट उलगडला आहे : डावा हात गेलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई पूर्ण बुडू शकते, त्याच हाताविना सरकारी कारकुनाची कमाई जराही न घटता चालू राहू शकते. डॉक्टराने शरीराचा टक्का सांगायचा. त्यातून काम किती बुडाले हे न्यायाधिकरणाने ठरवायचे. निकाल येऊन इतकी वर्षे झाली, आणि आपली चर्चा अजून टक्क्यातच अडकली आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्याने सवलतींसाठी 40 टक्क्यांची रेषा आखली आणि जिल्हा रुग्णालयातला तो कागद हेच अंतिम सत्य होऊन बसले.

तेंदूचे पुडे बांधणाऱ्यांसोबत एकदा खाली बसून पाहा. पाने सारखी लावून, डाव्या अंगठ्याखाली घट्ट दाबून, उजव्या हाताने दोरीचा वेढा देऊन पुडा बांधतात. एका पुड्यात 70 पाने, आणि मजुरी शंभर पुड्यांच्या हिशेबाने. डावा अंगठा गेला तर परिशिष्ट म्हणते 30 टक्के. पुडा मात्र एकही बांधला जात नाही. वाघाच्या पंजाने खांदा फाटला आणि हात डोक्याच्या वर जाईनासा झाला, तर सरपणाचा भारा उचलणे संपले, डोक्यावरून पाणी आणणे संपले. कागदावर हाडे जुळलेली असतात.

इथे तो समंजस पक्ष पुन्हा डोके वर काढतो : उत्तम, पण तेंदू तोडणाऱ्या बाईचे काम सिद्ध कशाने करणार? तिच्याकडे पगारपत्रक कुठे आहे? हा प्रश्न 1994 साली मोटार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असाच निकाली काढला होता : घरकरणीचे उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश. न्यायालयाने 2010 मध्ये त्याला फटकारले आणि 2021 मध्ये घरकामाचे मोल धरणे ही मेहेरबानी नव्हे असे बजावले. आणि आपल्या भागात तर पुरावा नाही हे म्हणणेच खोटे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात. कुणी किती पुडे आणले हे लिहून ठेवल्याशिवाय मजुरीचे वाटप होतच नाही. वही आहे. पंचनामा करणारा ती उघडत नाही, एवढेच.

उशिराचा मुद्दा खरा आहे, पण त्याला उत्तर आहे. ठरीव रक्कम पहिला हप्ता म्हणून लगेच द्या; बाकीचा हिशेब काम पाहून नंतर करा. दोन्ही एकाच वेळी करता येतात. ठरीव रकमेवरच फाईल बंद करणे मात्र शासनाच्या सोयीचे आहे, जखमीच्या नव्हे.

माझी मागणी मोठी नाही. वन विभागाच्या पंचनाम्यात आणि जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यात एक रकाना वाढवा : हा माणूस जखमी होण्यापूर्वी कोणती कामे करत होता, आणि त्यातली कोणती आता होत नाहीत. तो रकाना डॉक्टराने नव्हे, ग्रामसभेने भरावा. आणि कायमच्या अपंगत्वाचा आकडा मृत्यूच्या आकड्याखाली ठेवणारी ती ओळ पुढच्या शासन निर्णयातून काढून टाकावी. पुढच्या वेळी कुणी 25 चे 50 करा म्हणून मोर्चा काढेल, तेव्हा त्याच निवेदनात ही दुसरी मागणीही लिहा.