न्यायमूर्तींना ‘कारणे दाखवा’

तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला तर त्याला कारणं लिहावी लागतात. ती नसतील तर वरचं न्यायालय आदेश रद्द करू शकतं. हरलेल्या पक्षकाराला आपण का हरलो, एवढं तरी कळावं, हा त्यामागचा विचार. पण शिडी चढत जावं तसं हे बंधन सैल होतं. न्यायमूर्तींच्या स्वतःच्या वर्तनाचा प्रश्न आला की जवळपास सुटतंच. न्यायालयीन नीतिमत्तेची चर्चा आपण लाचलुचपतीभोवती फिरवतो. खरी अडचण या न दिलेल्या कारणांत आहे.

‘हे प्रकरण माझ्यासमोर नको’ असं न्यायमूर्ती म्हणाले, की ते दुसऱ्या खंडपीठाकडे जातं. का, हे पुष्कळदा आदेशात नसतं. पक्षकाराशी नातं असेल, पूर्वी घेतलेलं वकीलपत्र असेल, किंवा नुसती झळ नको असेल. 2015 च्या न्यायिक नियुक्ती आयोगाच्या खटल्यात न्या. खेहर यांनी बाजूला व्हावं अशी मागणी झाली. त्यांनी ती नाकारली, पण कारणं लिहून. न्या. कुरियन जोसेफ यांनीही माघारीची कारणं नोंदवावीत असं तेव्हाच म्हटलं. तसा बंधनकारक नियम मात्र झाला नाही.

कोणतं प्रकरण कोणासमोर, हे सरन्यायाधीश ठरवतात. 12 जानेवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन या वाटपावरच बोट ठेवलं. त्याच वर्षी शांती भूषण यांच्या याचिकेत न्यायालयाने सरन्यायाधीशांचा हा अधिकार कायम ठेवला. अधिकार कोणाचा, हे ठरलं. तो कोणत्या कसोटीवर वापरायचा, हे उघड झालं नाही.

एप्रिल 2019 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांवर एका माजी कर्मचारी महिलेने लैंगिक छळाचा आरोप केला. त्यावर शनिवारी तातडीने बसलेल्या विशेष पीठात ते स्वतःच होते. पुढे अंतर्गत समितीला आरोपांत तथ्य आढळलं नाही, पण अहवाल जाहीर झाला नाही. आरोप खरे की खोटे, हा इथला मुद्दाच नाही. स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, ही शिकवण न्यायालयंच सरकारी अधिकाऱ्यांना देत असतात.

यावर म्हणतात, उत्तरदायित्वाच्या नावाखाली सरकार न्यायालयांवर हात टाकेल. भीती खोटी नाही. पण संसदेतल्या महाभियोगाचा दुसरा मार्ग आपण पाहिला आहे. 1993 मध्ये न्या. रामस्वामींच्या महाभियोगाच्या बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही. काँग्रेस तटस्थ राहिली आणि ठराव पडला. संसदेचा दरवाजा इतका जड असल्यानेच 1999 साली न्यायालयाने अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली. जी चौकशी घरातल्या घरात होते, तिच्यावर तर कारणांचं ओझं अधिकच असायला हवं.

मराठी मनाला अशा वेळी रामशास्त्री प्रभुणे आठवतात. पेशव्याला दोषी ठरवणारा एखादा निस्पृह माणूस मिळाला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण माणूस मिळणं दैवावर सोपवता येतं, व्यवस्था नाही. माघारीचं एका ओळीचं कारण, स्वतःशी संबंधित प्रकरण आपोआप दुसऱ्या ज्येष्ठाकडे जाण्याचा नियम, तक्रारदाराची ओळख झाकून चौकशीचा निष्कर्ष जाहीर करणं: यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. न्यायालय हे स्वतःच ठरवू शकतं. आजवर ठरवलं नाही, याचं कारण मागण्याचा हक्क मात्र नागरिकांचा आहे.