पाय वर घ्या, आई

गुरुवार होता. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळ्या वारी सुट्टी द्यायची जुनी पद्धत. भोसरी-चाकणच्या वाट्याला गुरुवार आलेला. त्यात पाण्याचीही पाळी. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी एक दिवसाआड येऊ लागलं, तेव्हापासून मोशीतल्या आमच्या घराचं वेळापत्रक नळच ठरवतो.

देहूच्या पालखी-प्रस्थानासाठी आई अहमदपूरहून आली होती. पेरणी तोंडावर, म्हणून दादा गावीच. आई दिवाणावर बसलेली. बायको पोछा घेऊन आली की म्हणायची, "आई, पाय वर घ्या." आई पाय उचलून अधांतरी धरायची. सकाळपासून तिसऱ्यांदा हे झालं, तेव्हा मी तोंड उघडलं.

"राहू दे ना आता. आई चार दिवस आहे, फरशी कुठं पळून चाललीय?"

"खिडकी उघडी ठेवून बघा. दुपारपर्यंत धुळीत पावलं उमटतात."

"उमटू देत."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! गावाकडं नाव कुणाचं निघणार? सून गबाळी म्हणतील. मुलगा गबाळा असं कुणी म्हटलेलं ऐकलंय?"

नव्हतं ऐकलं. घर पसरलेलं राहू द्यावं हा उपदेश बहुधा तोच करतो, ज्याला त्यावरून कुणी नावं ठेवत नाही. तरी मी हटलो नाही.

"आमच्या कंपनीत कस्टमर ऑडिट असलं की आदल्या दिवशी पिवळे पट्टे पुन्हा रंगवतात. सगळे ताठ उभे. ऑडिटर जाईस्तोवर कुणी कुणाशी धड बोलत नाही. तू आईला ऑडिटर करून ठेवलंयस."

"मग तुमचं ते फाइव्ह एस? त्यात साफसफाई नाही?"

आहे. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. झोपेतही म्हणून दाखवेन. तिसरा सेइसो, म्हणजे साफसफाई. ट्रेनिंगमध्ये सांगतात, मशीन चकचकीत दिसावं एवढ्यासाठी पुसायचं नसतं. पुसताना हात सगळीकडं फिरतो. तेल कुठून झिरपतंय, कुठला बोल्ट ढिला झालाय, ते कळतं. हे मी मोठ्या तोऱ्यात ऐकवलं आणि वर विचारलं, "आपल्या घरात कुठं तेल गळतंय?"

तिनं पोछा बादलीत टाकला. "आईंच्या घोट्यावर बोट दाबून बघा."

दाबलं. खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला. जोडवं बोटात रुतलेलं.

"हे कधीपासून?"

"सोमवारी आल्या तेव्हापासून. वाटलं एसटीत पाय लोंबकळले असतील, उतरेल. रोज बघतेय. तुम्ही तीन दिवस शेजारी बसताय, तुम्हाला नाही दिसलं?"

शेजारी बसलो होतो हे खरं. हातात मोबाइल होता, त्यावर शिफ्टचा ग्रुप. आईशी बोलत होतो, म्हणजे 'हं' म्हणत होतो. वेळ द्या म्हणून सांगणारा मी, आणि मी दिलेला वेळ हा असा.

वाद जिंकल्यासारखी ती उभी होती. तेवढ्यात आई लुगड्याचा काठ घोट्यावर ओढत म्हणाली, "तुला सांगणारच होते गं. पण तू घडीभर टेकलीच नाहीस. धावत्या माणसाला काय सांगायचं? आणि सांगितलं असतं तर तुम्ही वारीला नको म्हणाला असता."

यावर आम्ही दोघंही गप्प. सूज बायकोनं पाहिली, पण विचारलं नाही. मी तर पाहिलीच नाही. आणि आईनं पाय अधांतरी धरले, ते सुनेचं काम अडू नये म्हणून. एवढ्याशा खोलीत तिघंही एकमेकांसाठीच काहीतरी करत होतो.

"पुढचं मी पुसतो," म्हणत मी पोछा उचलला, तर आई लगेच उठायला लागली. लेकानं फरशी पुसायची, ते तिला बघवेना. बायको हसली. "झालं! आता खरं ऑडिट सुरू झालं."

अर्धी फरशी ओली, अर्धी कोरडी, तशीच ठेवून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासायला सांगितली, मीठ कमी करा म्हणाले आणि लांबचं चालणं बंद केलं. आईनं त्यांच्याशीही घासाघीस केली.

तुकोबांच्या पालखीचा देहूतल्या इनामदार वाड्यानंतरचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. आई यंदा तिथपर्यंतच गेली, त्यातलीही निम्मी वाट रिक्षानं.