चूक ओळखण्याची पात्रता

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला, की घरात बांधाबांध सुरू होते. आणि त्या धांदलीत एक संध्याकाळ अशी येते, की बांधलेल्या ट्रंकेवर बसून माणूस स्वतःस विचारतो, 'या गावी आपण तीन वर्षे काय केले?' उत्तर अवघड नसते. आपण सह्या केल्या. कोणी बांधलेल्या रस्त्यावर, कोणी विणलेल्या कापडावर, कोणी मोजलेल्या धान्यावर आपण सही केली, आणि त्या सहीने ते काम पुरे झाले असे ठरले. सही करणारा तो जबाबदार, असे नियमांचे पुस्तक सांगते. परंतु जबाबदारी खरोखर सहीने येते की आणखी कशाने, हा प्रश्न आम्हांस त्या पुस्तकाने कधी घातला नाही. तो घातला सांगानेरच्या एका वृद्ध कारागिराने, आणि तोही आपण काही प्रश्न घालीत आहोत याची कल्पना नसताना.

सांगानेर हे जयपूरच्या दक्षिणेस चार-पाच कोसांवरचे जुने गाव. आज ते जयपूर शहरात मिसळून गेले आहे. विमानाने येणारा पाहुणा प्रथम तेथेच उतरतो, पण गाव न पाहताच पुढे जातो. दोन धंद्यांनी त्याचे नाव दूरवर गेले : छिप्यांचे ठशांनी कापड छापण्याचे काम आणि कागझींचा हातकागद. दोन्ही धंद्यांशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. राजस्थानातील अनेक छिपी घराणी आपले मूळ संत नामदेवांशी जोडतात. ज्यांना आपण शिंपी म्हणून ओळखतो, ते नामदेव गुरू ग्रंथसाहिबातील आपल्या पदांत स्वतःस छिपा म्हणवतात. कागदाचे म्हणाल, तर आमच्या पूर्वजांची मोडी दप्तरे जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदांवर लिहिली गेली. दौलताबादेजवळचे कागझीपुरा हे गाव आजही तेच नाव सांगते. पुढे जे. सी. कुमारप्पांनी १९३४ नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांना नवी संजीवनी देण्याचा प्रयत्न केला, त्यात हातकागदही होता. आणि सांगानेरात हातकागदाची जी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिला नाव कुमारप्पांचेच मिळाले. तेव्हा तेथे गेलेला मराठी माणूस अगदीच परक्या मुलखात गेला, असे म्हणता येत नाही.

आमची बदली जयपुरास झाली ती १९८६ साली. पुढल्या वर्षी आमच्याकडील एका विश्रामगृहासाठी दोनशे छापील चादरी घ्यावयाच्या होत्या. पांढरी जमीन, बारीक लाल बुटी, रंग जुन्या पद्धतीचा आणि पक्का, असा तपशील आम्हीच लिहिला होता. माल आला, आम्ही चादरी उलगडून पाहिल्या. त्यांपैकी चाळीस चादरींत एका कडेला बुटीची ओळ लगतच्या ओळीशी नीट जुळत नव्हती. जवाएवढे अंतर असेल. आम्ही शेरा मारला : 'छपाई सदोष, चाळीस नग नामंजूर.' सही केली आणि दुसरी फाईल ओढली.

महिनाभराने काही कामासाठी सांगानेरला गेलो, तो त्याच कारखान्यात जाण्याचा योग आला. मालकाने चहा मागवला. आणि बोलता बोलता, चाळीस नगांचे नुकसान कारागिरांच्या मजुरीतून कापावे लागले, असे अगदी सहज सांगून टाकले. छापणाऱ्यांत वडील असा जो होता, त्याला त्याने हाक मारली. साठीच्या आसपासचा, किरकोळ बांध्याचा तो गृहस्थ आला आणि उभाच राहिला. आम्ही 'बसा बाबा' म्हटले, तेव्हा तो छपाईच्या मेजाला टेकून बसला. प्रथम आमचे लक्ष त्याच्या हातांकडे गेले.

त्या हातांवर त्याचे सारे आयुष्य लिहिलेले होते. डाव्या तर्जनीवरचे बारीक व्रण ठसे कोरण्याच्या दिवसांतले. घरचा धंदा ठसे करण्याचा. शिसवाचा ठोकळा गुळगुळीत करून त्यावर नक्षी उतरवावयाची आणि बारीक छिन्नीने ती कोरावयाची. दहाव्या-बाराव्या वर्षी त्याच्याकडे काम आले ते ठशाला आरपार भोके पाडण्याचे. ही भोके नसली तर ठशाखाली हवा कोंडते, रंग साचतो आणि छाप फिसकटतो. कोरून झालेले ठसे कित्येक दिवस तेलात बुडवून ठेवावयाचे. घाई केली तर लाकूड तडकते. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. कडा उमटवणारा तो रेख, जमीन भरणारा तो गद, आणि आतले रंग भरणारा तो दत्ता. तिन्ही एकाच रेषेवर बसले पाहिजेत.

सुजलेले सांधे कागदाच्या हौदाने दिलेले. ठशांचे काम बसले, तेव्हा तो काही वर्षे कागदाच्या कारखान्यात राहिला. चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवलेला. त्यात चौकट बुडवून वर उचलावयाची आणि उचलता उचलता उभी-आडवी हलवावयाची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. कागद किती जाड झाला हे मोजण्यास तेथे माप नाही. मनगटाला लागणारे वजन हेच माप. ओल्या कागदावर हाताचा एक थेंब पडला, तर तेवढी जागा पातळ राहते, आणि वाळल्यावर प्रकाशात धरले की तो थेंब दिसतो. पौषातल्या थंडीत दिवसभर हात पाण्यात. तेथून तो छपाईत आला. उजव्या तळहाताच्या मुळाशी असलेला घट्टा हा ठशावर हजारो वेळा मारलेल्या मुठीचा. आम्ही भेटलो तेव्हा कारखान्यात पडद्याची छपाई येऊन बरेच दिवस झाले होते, आणि अर्धे दिवस तो तेही काम करी. चार धंदे झाले; चारही पोटासाठी धरले आणि पोटासाठीच सोडले, असे त्याने सांगितले. त्यात अभिमान नव्हता, तशी तक्रारही नव्हती.

आम्ही अपराधी मनाने त्या चाळीस चादरींचा विषय काढला. कदाचित 'तुमचे नुकसान झाले याचे वाईट वाटते' असे काहीसे म्हणालोही. त्याने एक नामंजूर चादर आणवली, कडेच्या त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "साहेब, इथे चूक नाही. लांब मेजावर दोघे दोन बाजूंनी छापीत येतात. दोन हात जिथे भेटतात, तिथे एवढे अंतर पडतेच. चूक आहे, पण ती तुम्हांला दिसलेली नाही. ती दोनशेच्या दोनशे चादरींत आहे."

मग त्याने जे सांगितले ते असे. लाल रंगासाठी ठशाने छापावयाची असते ती तुरटी. तिला स्वतःचा रंग नसतो. छाप कोठे पडला हे दिसावे म्हणून तिच्यात थोडी गेरू कालवतात. छापलेले कापड काही दिवस तसेच ठेवावे लागते, म्हणजे तुरटी सुतात मुरते. मग वाहत्या पाण्यात धुवावयाचे आणि धायटीची फुले घातलेल्या रंगाच्या पाण्यात उकळावयाचे. लाल रंग उमटतो तो तेथे. या चादरींना मुरण्यास हवे तेवढे दिवस मिळाले नव्हते. पुरवठ्याची तारीख जवळ आली होती, म्हणून दोन दिवसांतच कापड धुण्यास काढले. "रंग आज पाहा, चांगला आहे. दहा-पंधरा धुण्यांत उतरेल. मला ठाऊक होते. मालकांना सांगायला हवे होते, सांगितले नाही. ती चूक माझी."

पुरवठ्याची तारीख कोणी घातली होती, हे आम्ही त्याला विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. वर्षअखेरीपूर्वी रक्कम खर्ची पडावी म्हणून ती तारीख आम्हीच घातली होती.

तेव्हापासून हा प्रसंग आमच्या मनातून गेलेला नाही, आणि त्यातून निघणारा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. जे दोष नव्हते त्यावर आम्ही सही केली. जो दोष होता तो आम्हांस ओळखता आला नाही. आणि त्या दोषाचे मूळ आमच्याच टेबलावर होते. उलट ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानेच कोणी न विचारता आपली चूक आपल्या पदरी घेतली. दोघांपैकी जबाबदार माणूस कोण?

सहसा आपण असे मानतो, की आधी माणसावर जबाबदारी सोपवली जाते आणि मग त्याने चुका करू नयेत अशी अपेक्षा ठेवली जाते. त्या म्हाताऱ्याचे वागणे पाहता क्रम उलटा असावा असे आम्हांस वाटते. आधी चूक ओळखता आली पाहिजे. ती ओळखता येते म्हणूनच ती आपली म्हणता येते. तुरटी किती दिवसांत मुरते हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्यालाच दोन दिवसांत कापड काढल्याचा सल लागू शकतो. आम्हांस तो सल लागणे शक्यच नव्हते. कारण आमच्या लेखी दोन दिवस आणि सहा दिवस यांत फक्त तारखेचा फरक होता. त्याचे कौशल्य हे त्याच्या सदसद्विवेकाचे साधनही होते. चार धंदे बदलले तरी त्याच्यापाशी जे उरले ते हेच : ठशाचे लाकूड, कागदाचा लगदा, तुरटीचे कापड, यांतील प्रत्येक वस्तू आपला वेळ मागते आणि तो न दिला तर एक दिवस ती बोलते, ही जाणीव.

यावर कोणी म्हणेल, अधिकाऱ्याने सगळ्या धंद्यांची जाण कोठून आणावी? आज रस्ते, उद्या कापड, परवा धान्य. बदलीच्या नोकरीत हे शक्य नाही. हे खरे आहे. पण कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, असे इतरांस बजावणारे आपणच, कामाचे अज्ञान मात्र सबब म्हणून वापरतो. ज्याला अधिकार नाही त्याचे अज्ञान निरुपद्रवी असते. ज्याच्या शेऱ्याने दुसऱ्याची मजुरी कापली जाते, त्याचे अज्ञान ही नुसती उणीव राहत नाही. ते कृत्य होते. सगळे धंदे शिकणे शक्य नसेल, पण तारीख लिहिण्यापूर्वी 'या कामाला किती दिवस लागतात?' असे करणाऱ्याला विचारणे शक्य असते. आम्ही ते विचारले नव्हते.

जयपुरास असताना आम्ही पाहुण्यांना जंतरमंतर दाखवण्यास नेत असू. सवाई जयसिंहाच्या दरबारी पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ज्योतिषी होते. त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, आणि त्यांचे नाव सांगताना आमचा ऊर भरून येई. त्या प्रसंगानंतर मात्र सम्राट यंत्राच्या पांढऱ्या पट्टीपुढे उभे राहिलो, की आम्हांस दुसरेच सुचू लागले. त्या पट्टीवर सावली सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर सरकते. म्हणजे खूण खोदणाऱ्या पाथरवटाची छिन्नी २ मिलिमीटर चुकली असती, तर पंडितांचे ज्योतिष २ सेकंदांनी चुकले असते. आणि हे प्रथम त्या पाथरवटाला कळले असते. पंडितांचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच आहे. पाथरवटाचे राहिले नाही.

तथापि येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. खुर्चीत बसणाऱ्यांना हाताच्या कामाचे स्तोत्र गाणे फार आवडते, कारण त्यास काही खर्च येत नाही. आपल्या परंपरेने गोरोबांच्या मडक्यांत आणि सावतोबांच्या मळ्यात देव पाहिला, पण कुंभाराच्या आणि माळ्याच्या मुलाच्या हाती पोथी दिली नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवले. ते आठवल्यावर 'हातांत ज्ञान असते' हे वाक्य जपूनच उच्चारावे लागते. त्या वृद्धाचा मुलगा एका कचेरीत कारकून झाला होता. हे सांगताना त्याचा चेहरा जेवढा उजळला, तेवढा ठशांविषयी बोलताना उजळला नव्हता. पौषातल्या पाण्यातून एक पिढी बाहेर पडली, यात हळहळण्यासारखे काहीही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मुलगा ज्या खुर्चीत बसला, त्या खुर्चीत बापाची ती चूक ओळखण्याची सवय आली तर ती खुर्ची सुधारेल. आणि ती सवय आपल्यापाशी नाही, हे आपल्याला कळत नाही.

सांगानेर आता पुष्कळ बदलले आहे. सांगानेरी हातछपाईला २०१० साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. हाताने छापलेले आणि यंत्राने नक्कल केलेले यांत भेद आहे, हे कायद्याने मान्य केले. दुसरीकडे रंगाच्या पाण्याने तेथल्या नाल्याचे काय झाले, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. ज्या वाहत्या पाण्यात कापड धुवावे, तेच पाणी राहू दिले नाही, ही चूक कोणा एका हाताची नाही. आणि म्हणूनच ती आपली म्हणणारा कोणी पुढे येत नाही.

आमच्यापुरते सांगावयाचे तर हिशेब फारसा चांगला नाही. त्या दिवशी परतल्यावर शेरा मागे घेण्याची टिपणी लिहावी असे आम्ही ठरवले. मसुदाही मनात तयार होता. परंतु फाईल बंद झाली होती, हिशेब पुरा झाला होता, आणि ती पुन्हा उघडावयाची तर पुरवठ्याच्या तारखेचे कारण द्यावे लागले असते. आठवडे गेले, मग बदलीचा हुकूम आला. टिपणी लिहिली गेली नाही. कापलेली मजुरी परत मिळाली नाही. त्या वृद्धाला सांगण्यासारखी आमच्याही पदरी एक चूक होती. त्याने आपली सांगितली, आम्ही आमची सांगितली नाही.

नामंजूर मालातील एक चादर आम्ही त्या दिवशी पैसे देऊन घेतली होती. पुढल्या साऱ्या बदल्यांत ती आमच्याबरोबर हिंडली. वर्ष संपण्यापूर्वीच तिची लाल बुटी फिकी पडली. त्याने सांगितले होते तसेच. कडेची ती न जुळलेली ओळ अजून तेथेच आहे. घरी आलेल्या कोणाही पाहुण्याच्या ती आजवर ध्यानात आलेली नाही.