निर्जीवाला निरोप

निर्जीव वस्तूला निरोप देणे हा मोह की धर्म, हा जुनाच प्रश्न १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावर उभा राहिला. त्या दिवशी बेस्टची शेवटची डिझेलवरची डबल डेकर बस अंधेरी पूर्वेतील ४१५ क्रमांकाच्या मार्गावर धावली. बसला हार घातले होते, फुगे लावले होते. काही जण केवळ तिच्या शेवटच्या फेरीत बसायला आले होते. १९३७ मध्ये सुरू झालेली ही दुमजली गाडी मुंबईत वाढलेल्या मुलांसाठी वाहन कमी आणि खेळ जास्त होती. वरच्या मजल्यावरचे अगदी पुढचे बाक मिळवण्यासाठी जिन्यावर धावाधाव व्हायची. तिथे बसले की झाडांच्या फांद्या समोरून अंगावर आल्यासारख्या वाटायच्या आणि वळणावर सगळी गाडी कलते आहे असा भास व्हायचा. जत्रेतल्या पाळण्याचा थरार इथे साध्या तिकिटात मिळे.

अशा वेळी दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक म्हणते, लोखंडाच्या सांगाड्यासाठी डोळ्यांत पाणी कशाला? दुसरी या प्रश्नानेच दुखावते आणि गप्प होते. धर्मग्रंथांनी मात्र याचा विचार बराच खोलवर केला आहे, आणि त्यातले काही महत्त्वाचे धागे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच सापडतात.

आसक्तीविरुद्धचा सर्वांत कठोर दाखला पैठणच्या एकनाथांनी मराठीत आणला. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी लिहिलेला टीकाग्रंथ १५७३ मध्ये काशीला पूर्ण झाला. त्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कहाणी सांगतो आणि त्या गुरूंमध्ये एक कपोत आहे. पारध्याच्या जाळ्यात पिले अडकतात, त्यांच्यामागे कपोती जाते, आणि हे सगळे डोळ्यांनी पाहत असलेला कपोतही शेवटी त्याच जाळ्यात उडी घेतो. अति स्नेह जीवघेणा ठरतो, हा त्याचा धडा. या निकषावर बसला हार घालणारा माणूस कपोताच्याच वाटेवर आहे असे कोणी म्हणेल. पण कपोताचा दोष नेमका कशात आहे हे नीट पाहायला हवे. पिलांवर माया केली हा त्याचा दोष नव्हे. ती गेल्यावर त्यांच्यावाचून जगता येईल हे त्याला मान्य झाले नाही, हा त्याचा दोष. निरोप देणारा नेमके तेच मान्य करत असतो. ‘जा’ असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो. धरून ठेवणे आणि निरोप देणे या दोन्हींत माया असते, तरी त्यांच्या दिशा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. आणि ज्या एकनाथांनी हा कपोत मराठीत आणला, त्यांच्या जलसमाधीची तिथी, फाल्गुन वद्य षष्ठी, पैठणला दरवर्षी नाथषष्ठी म्हणून साजरी होते. दिंड्या येतात, गोदाकाठ माणसांनी भरून जातो. वैराग्य शिकवणाऱ्या परंपरेने जाण्याचा दिवस विसरायला सांगितलेले नाही.

प्रिय वस्तू प्रिय का असते, याचे उत्तर बृहदारण्यक उपनिषदात एका निरोपाच्याच प्रसंगी येते. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे, संपत्तीची वाटणी करू पाहतो आहे, आणि मैत्रेयी त्याला विचारते की या धनाने अमरत्व मिळेल काय. त्यावर तो सांगतो की पती, पत्नी, पुत्र, धन, काहीही त्या त्या गोष्टीसाठी प्रिय नसते. ते आत्म्यासाठी प्रिय असते. वरवर पाहता हे वाक्य बसप्रेमींच्या विरोधात जाते: रडणे बससाठी नाही, स्वतःच्या हरवलेल्या बालपणासाठी आहे. ते खरेही आहे. परंतु याज्ञवल्क्याचा आत्मा म्हणजे क्षुद्र ‘मी’ नव्हे. माणूस वस्तूत जे पाहतो ते वस्तूपुरते संपत नाही, हा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. वरच्या मजल्यावरच्या बाकावर शेजारी बसलेले आजोबा, शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ, पहिल्यांदा एकट्याने काढलेले तिकीट, हे सगळे त्या गाडीतून भेटत होते. गाडी गेली की भेटीची एक जागा जाते.

लोकाचारात तर निर्जीवाशी असे नाते मुळीच परके नाही. याच जिल्ह्यातल्या करमाड गावाच्या एका अंगाला शेती आहे, दुसऱ्या अंगाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. खंडेनवमीला या भागात शेतातली अवजारे धुऊन मांडली जातात. वर्कशॉपमध्ये यंत्रांवरचे तेल आणि कीस पुसून काढतात, हळदीकुंकवाची बोटे उमटतात, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो. तेवढा वेळ यंत्र बंद राहते. ज्याच्या जिवावर वर्षभर पोट भरले त्याला एक दिवस हात जोडणे, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. चालत्या यंत्राला हार घालणे ज्याला पटते, त्याला थांबणाऱ्या यंत्राला घातलेला हार वेडेपणाचा वाटायला नको.

या प्रश्नाचे सर्वांत समृद्ध चित्र मात्र अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे चैत्यगृह बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करवून घेतले, असे तिथला शिलालेख सांगतो. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे शिल्प आहे. सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती उजव्या कुशीवर पहुडलेली आहे, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. शय्येच्या खालच्या बाजूला अनुयायांची रांग बसली आहे. कोणाची मान खाली गेली आहे, कोणी हातावर डोके टेकले आहे. वरच्या बाजूला आकाशातले दिव्य गण आहेत. खाली शोक आणि वर स्वागत, अशी या शिल्पाची मांडणी अनेक अभ्यासक वाचतात. शिल्पकाराने दोन्ही एकाच दगडात ठेवले आणि शोकाला पुसले नाही, ही गोष्ट फार मोलाची आहे. अनित्यतेचा उपदेश ज्या धर्माच्या केंद्रस्थानी, त्याच्या लेण्यात रडणाऱ्या माणसांना सन्मानाची जागा मिळाली आहे.

पाली परंपरेतील महापरिनिब्बान सुत्तातही हाच सूर आहे. अखेरच्या घटका जवळ आल्यावर बुद्धांचा शिष्य आनंद विहारात जाऊन दाराला टेकून रडतो. आपले शिकणे अजून पुरे झालेले नाही आणि गुरू चालले, हे त्याचे दुःख. बुद्ध त्याला बोलावून घेतात. जे जन्मले, घडले, ते मोडणारच, प्रियांपासून वियोग ठरलेलाच, हे त्याला आधी सांगितले होते याची आठवण करून देतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. आनंदाने इतकी वर्षे कायेने, वाचेने, मनाने मायेची सेवा केली, त्याचे पुण्य मोठे आहे, असेही ते सांगतात. अनित्यतेचे स्मरण आणि प्रेमाची पावती, एकाच श्वासात दोन्ही. पहिलेच सांगितले तर उपदेश कोरडा होतो, दुसरेच सांगितले तर कपोताची गत होते.

वस्तूंचा मुद्दा त्याच सुत्ताच्या शेवटी येतो. दहनानंतर अस्थींचे आठ वाटे झाले. वाटणी करणाऱ्या द्रोण ब्राह्मणाने ज्या भांड्याने अस्थी मोजल्या ते भांडे मागून घेतले, आणि उशिरा पोहोचलेल्या पिप्पलिवनच्या मोरियांना चितेतले निखारे मिळाले. भांड्यावर आणि निखाऱ्यांवरही स्तूप उभे राहिले. पुढे बौद्ध परंपरेने बुद्धांच्या वापरातल्या वस्तूंना ‘पारिभोगिक’ असे स्वतंत्र पूज्य स्थान दिले. वस्तूची अशी ओढ आजही दिसते. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये १९९२ पासून चालणारी स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली सफर २२ जानेवारी २०२३ ला शेवटची सुरू होती. लोक तासन्‌तास रांगेत थांबले, आणि नंतर तिथले म्हणून बाटल्यांत भरलेले पाणी इंटरनेटवर विकायला आले. हा व्यापार होता, भक्ती नव्हे. पण ज्या भुकेवर तो चालला ती भूक द्रोणाच्या भांड्याइतकीच जुनी आहे. त्या सफरीच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. ती ज्या १९४६ च्या चित्रपटावर बेतली होती, त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर दीर्घकाळ टीका होत होती, आणि म्हणूनच तिचे रूप बदलायचे ठरले. अशा वेळी निरोप अधिक प्रामाणिक असावा लागतो. तिथे मिळालेला आनंद खरा होता आणि त्यामागच्या कथेने कोणाला तरी दुखावले हेही खरे होते. यातले एक झाकून दुसरे सांगितले तर निरोप अर्धाच राहतो.

सर्वांत गंभीर आक्षेप प्रमाणाचा आहे, आणि करमाडचे नाव घेतल्यावर तो टाळता येत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडले. रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या भाकरींचे छायाचित्र देशाने पाहिले. माणसे अशी जात असताना बसला हार कसले घालता, हा प्रश्न त्यामुळे नुसता वादासाठी उरत नाही. त्याला एक उत्तर असे दिले जाते की मनातली माया काही मोजून ठेवलेली नसते. एकीकडे दिली म्हणून दुसरीकडे कमी पडत नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. लक्ष आणि वेळ मात्र मोजकेच असतात, आणि समाज ते कुठे खर्च करतो यावरून त्याची पारख होते. माणसाचा हक्क वस्तूच्या आधी येतो, याबद्दल कोणत्याही परंपरेत दुमत नाही. तरीही या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. टाळेबंदीत अनेक घरांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही मिळाले नाही, आणि ती सल वर्षानुवर्षे राहिली. निरोप ही चैन नसून माणसाची गरज आहे, हे त्या काळात ठळकपणे दिसले. बसला निरोप देणाऱ्यांकडून ती गरज काढून घेतल्याने त्या १६ जणांना काही मिळत नाही. त्यांचे देणे वेगळे आहे आणि ते तसेच फेडावे लागते.

निरोप कसा द्यावा, याचे सर्वांत तयार रूप महाराष्ट्राकडे पार्थिव गणपतीच्या पूजेत आहे. प्राणप्रतिष्ठेने मातीत देव येतो, उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, आणि मग तीच मूर्ती पाण्यात सोडायला कोणाचा हात अडखळत नाही. आरंभ विधीने झाला तसा शेवटही विधीने होतो, म्हणून त्यात तुटल्यासारखे वाटत नाही. गणपतीला मात्र पुढच्या वर्षी यायचे असते. जुनी डबल डेकर परत येणार नाही. मुंबईत फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित विजेच्या दुमजली गाड्या तिच्या वारस आहेत, ती नव्हेत. म्हणूनच बसप्रेमींनी जुन्यातल्या किमान दोन गाड्या आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात ठेवाव्यात, अशी मागणी केली. तिचे मूळही पारिभोगिक वस्तूच्या कल्पनेत आहे.

माणसाच्या मृत्यूनंतर शास्त्राने दहा दिवसांचे सुतक सांगितले आणि रूढीने तेराव्याला गोडाचे जेवण घातले. शोकाला सुरुवात दिली तशी हद्दही दिली. वस्तूंसाठी असे सुतक कोणी सांगितलेले नाही. १९८९ मध्ये गोराईत सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान २०२२ मध्ये बंद झाले, तेव्हा तिथे सहलीला गेलेल्या एका पिढीला आपल्या आठवणींचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे लागले. मुंबईच्या ट्रामला मात्र ३१ मार्च १९६४ ही ठरलेली तारीख मिळाली होती, आणि त्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे निघालेल्या शेवटच्या ट्रामला लोकांनी गर्दी केली होती.