देवाचं तोंड कुणीकडे?

गाडी नवी असो की सेकंड हँड, आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात ती दारात आली की आत पहिल्यांदा काय बसवायचं यावर फारशी चर्चा होत नाही. सीट कव्हर, पायाखालच्या मॅट, मोठे स्पीकर हे सगळं नंतर. पहिला मान देवाचा. लेण्याद्रीच्या पायथ्याशी, ओझरला देवळाच्या वाटेवर, मंचरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत बोटभर उंचीच्या मूर्ती मिळतात. खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप असते. अष्टविनायकांतले दोन गणपती एकट्या जुन्नर तालुक्यात, त्यामुळे गणपती अर्थातच जास्त. मग शिवनेरी इथलीच म्हणून महाराज, मग विठ्ठल-रखुमाई, खंडोबा.

आमच्याकडे वॅगनआर आली तेव्हा धाकट्याने ओझरच्या विघ्नहराची मूर्ती आणली, टेपचा कागद सोलला आणि मला विचारलं, "आई, तोंड कुणीकडं करू? आपल्याकडं का रस्त्याकडं?"

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, घरात एकादशी आणि हरिपाठ आहे, पण हा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नव्हता. घरच्या देव्हाऱ्याची दिशा वाडवडिलांनी ठरवलेली असते. गाडीला पूर्व-पश्चिम नसते, तिला फक्त आत आणि बाहेर असतं.

दोन्ही पद्धती आपल्याकडे आहेत. माझा भाचा नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप वाशीला नेतो. त्याचा गणपती रस्त्याकडे बघतो. "मावशी, राखणदार पुढं बघणारा पाहिजे. माझ्याकडं बघून तो काय करणार?" असं त्याचं म्हणणं. सूनबाईचं म्हणणं उलटं. दर्शन आपल्याला घ्यायचंय, तर तोंड आपल्याकडेच हवं. दोघांच्याही बोलण्यात श्रद्धा आहे. तरी दोघांचा देव एक नाही असं मला वाटत राहिलं. एकाचा देव पहारा देतो, दुसरीचा देव आपल्याकडे पाहतो. आपण देवाला नेमकं कोणतं काम सांगतो आहोत, हा प्रश्न त्या टेपच्या तुकड्यापाशी येऊन उभा राहतो.

पहाऱ्याचं आधी बोलते, कारण बहुतेकांच्या मनात तेच असतं. रात्रीचा खेड घाट, पावसातला माळशेज, डिंभ्याकडून भीमाशंकरला जाताना हाताभरावरचंही दिसू न देणारं धुकं. अशा रस्त्यांवर जीव मुठीत धरून जाणाऱ्याने देवाला साद घालावी यात काहीच वावगं नाही. आई लेकराला निघताना "जपून जा" म्हणते, त्यामागेही हीच काळजी असते. पण त्या काळजीचं आपण हमीत रूपांतर करतो, तिथे माझं मन अडतं. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. त्या घरांतही देव्हारे होते, दिवे लावणारे हात होते. कुणाची भक्ती कमी पडली असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि ज्याची धजेल त्याच्याशी मला बोलायचं नाही. देव राखणदार आहे असं एकदा मानलं की डोंगर कोसळल्यावर दोनच उत्तरं उरतात. एक तर राखणदार झोपला, नाहीतर ज्यांना राखायचं त्यांच्यात खोट होती. दोन्ही उत्तरं मला अधर्माची वाटतात. म्हणून ज्या समजुतीतून ती निघतात, ती समजूतच सोडावी असं माझं मत झालं आहे.

मग आपल्या भागातले देव काय सांगतात? भीमाशंकरला स्वयंभू लिंग आहे. त्याला तोंडच नाही, तेव्हा हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. लेण्याद्रीचा गिरिजात्मज बौद्ध लेण्यांच्या ओळीत सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. भिक्खूंच्या विहारात, ज्या दालनात एकही खांब नाही तिथे, मूर्ती दगडातच कोरलेली आहे. तिला उचलून कुठे नेता येत नाही. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आपणच जायचं, दम लागला की बसायचं, पुन्हा चढायचं. त्या चढणीत माणसाचा वेग कमी होतो, बोलणं कमी होतं, आणि वर पोचेपर्यंत मागायचं काय ते निम्मं विसरलेलं असतं. अचल देवाकडे जाण्यातला हा लाभ फार मोठा आहे.

हलणारे देवही आपल्याला नवे नाहीत. जत्रेत गावदेवाची पालखी निघते, आषाढीला पादुका पंढरीच्या वाटेला लागतात. पण पालखीबरोबर चालताना आपली चाल पालखीची असते. ती थांबली की आपण थांबतो, तिचा विसावा तो आपला विसावा. गाडीत हे उलटं होतं. वेग आपला, वळण आपलं, ब्रेक आपला, आणि देव आपल्या चालीने चालतो. आपण कधी फोन कानाला लावला, कधी उजवीकडून घुसलो, कधी दारूच्या घोटानंतर चावी फिरवली, त्या प्रत्येक वेळी तो तिथे टेपने चिकटलेला असतो. जो स्वतः चालू शकत नाही त्याला आपण आपल्या चालीचा भागीदार करतो. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणाऱ्या माणसाने हा विचार एकदा तरी करावा.

आणि मग आळे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो आळेफाटा सगळ्यांना ठाऊक आहे. चहा, वडापाव, एसटीची गर्दी. तिथून जवळच आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणच्या धर्मसभेत ज्ञानेश्वरांनी सर्वांभूती एकच आत्मा असल्याचं सांगितलं, तेव्हा कुणी तरी पाण्याची पखाल वाहणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवलं. त्याच्या पाठीवर आसूड ओढले, आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. मग त्या रेड्याच्या मुखातून वेद आले. पुढे भावंडांबरोबर येताना तो आळ्यात थांबला, तिथेच त्याने देह ठेवला, आणि त्याला समाधी दिली गेली. वेद बोलल्याची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती चमत्काराची आहे. माझ्या लेखी कथेचा जीव आधीच्या ओळीत आहे. मार एकाला आणि वळ दुसऱ्याला. ओझं वाहणाऱ्या एका जनावराला आपल्या परंपरेने साधुसंतांच्या बरोबरीची जागा दिली, तीही आजच्या हमरस्त्याच्या इतक्या जवळ.

हे पटलं तर गाडीतल्या देवाचा प्रश्न आपोआप सुटू लागतो. कारण मग देव फक्त काचेच्या आत नाही. कारखान्याकडे रात्रीची निघालेली, मागे लाल दिवा नसलेली उसाची बैलगाडी, त्यावर पेंगलेला ऊसतोड्या, त्याच्या कुशीतलं पोर, ते बैल. सकाळी शाळेला रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या ठाकरवाडीच्या मुली. हेल्मेट नसलेला, मागे दुधाच्या किटल्या अडकवलेला मोटारसायकलवाला. उसातून निघून रस्ता ओलांडणारा बिबट्यासुद्धा. त्यांच्यापैकी कुणालाही आपला धक्का लागला तर वळ कुणाच्या पाठीवर उठतील, हे आळ्याने आधीच सांगून ठेवलं आहे. डॅशबोर्डवरच्या मूर्तीकडे आपण मागतो ते आतल्या चौघांसाठी. बाहेरच्यांसाठी कोण मागतं?

म्हणून मी धाकट्याला सांगितलं, तोंड आत कर. बाहेर तो आधीपासून आहेच, तिकडे नजर ठेवायला त्याला आपल्या मूर्तीची गरज नाही. आपल्याकडे मात्र कुणी तरी पाहत असलेलं बरं. राखणदाराच्या भरवशावर माणूस सैल होतो. साक्षीदारासमोर सावरून बसतो. धाकटा हे ऐकून म्हणाला, "मग गाडी हळू चालवावी लागंल." मी म्हटलं, "लागंलच."

भाच्याला हे पटलेलं नाही, आणि त्याच्या रात्रीच्या रस्त्याची भीती मी वाहत नाही, तेव्हा त्याच्याशी मी वाद घालत नाही. साक्षीदार मानूनही माणसं बेफाम चालवतात, हेही मला दिसतं. नजरेला रोज नजर द्यावी लागते. चिकटवून विसरलेल्या मूर्तीला ती देता येत नाही. ज्याला ते जमणार नसेल त्याने मूर्ती न ठेवता नामस्मरण करावं. आमच्याच तालुक्यातल्या ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना या गुरूंनी मंत्र दिला तो स्वप्नात. त्या मंत्राला ना डॅशबोर्ड लागला ना टेप.

एक गोष्ट उरते, आणि ती श्रद्धेइतकीच महत्त्वाची आहे. मूर्ती कुठे चिकटवायची? बहुतेक गाड्यांत ती जाते चालकाच्या शेजारच्या जागेसमोर, कारण तिथे सपाट, मोकळी जागा असते. ती मोकळी ठेवलेली असते, कारण तिच्याखाली एअरबॅग आहे. 2021 पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना चालकाबरोबर शेजारच्या जागेलाही एअरबॅग सक्तीची झाली. धडक बसली की ती पापणी लवायच्या आत, ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने ते झाकण फाडून बाहेर येते. झाकणावर जे काही असेल, धातूचं, संगमरवराचं, काचेचं, ते समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर जातं. त्या जागी बहुतेक वेळा घरातली आई किंवा बायको बसलेली असते, मांडीवर कधी मूल असतं. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीत साधं, अंगभर घट्ट शिवलेलं सीट कव्हरही तिला अडवतं. तिथे उसवणारी शिलाई असलेलं कव्हरच घ्यावं लागतं, आणि हे दुकानदाराला विचारूनच घ्यायचं.

आमचा विघ्नहर आता मधोमध, हवेच्या जाळ्यांच्या वर बसतो, आत तोंड करून. मूर्ती मातीची आहे, अगदी हलकी. तुम्ही गाडी घेणार असाल तर टेपचा कागद सोलण्याआधी डॅशबोर्डवर ‘एसआरएस एअरबॅग’ ही अक्षरं कुठे उठवलेली आहेत ते हाताने चाचपून बघा, आणि ती जागा रिकामी सोडा.